वजनाची साक्ष



शेरास सव्वाशेर भेटला, तो याच्या पासंगालाही पुरणार नाही, मापात पाप करू नये, अशी वाक्ये आपण आजही सहज बोलून जातो. शेर आणि मण व्यवहारातून जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांचे शब्द मात्र भाषेत राहिले. काही वस्तूही राहिल्या आहेत. जुन्या पेढीच्या माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात, गंजलेल्या खिळ्यांच्या आणि हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्यांच्या सोबतीने त्या पडून असतात. त्यांची ओळख सांगू शकणारी पिढी मात्र झपाट्याने मावळत आहे. अशाच एका वस्तूची ओळख कशी पटली, ते आज सविस्तर सांगावयाचे आहे. त्या ओळखीत एका दिवंगत व्यापाऱ्याच्या नेकीचा प्रश्न गुंतलेला होता, म्हणून हा विस्तार.

माझ्या परिचयातील एक तरुण अभियंता जुनी नाणी जमवितो. त्याच्या आजोळी, सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, आजोबांचे किराणा मालाचे दुकान होते. दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली. घर विक्रीस काढले तेव्हा माळा रिकामा करताना त्याला एक काळवंडलेली धातूची चकती मिळाली. व्यास सुमारे ६ सेंटिमीटर, जाडी २ सेंटिमीटरांस थोडी कमी, हातात घेतल्यावर चांगलीच जड. वरच्या अंगाला दोन उभ्या रेघा कोरलेल्या, कडेवर चार बारीक ठोकलेले ठसे, इतके झिजलेले की अक्षर कोणते आणि अंक कोणता हे कळू नये. खालच्या अंगाला मध्यभागी एक गोल खळगा.

वस्तू काय असावी याविषयी ज्याने त्याने आपापला तर्क लढविला. दोन रेघा पाहून एकाने तो यंत्राच्या भागावरचा ‘११’ हा क्रमांक ठरविला. जुन्या बाजारातील एका विक्रेत्याने ती शिवकालीन असून होन तोलण्यासाठी वापरीत असत, असे सांगून टाकले. आपल्याकडे ज्या वस्तूचा काळ ठाऊक नसतो ती शिवकालीन ठरते, हा अनुभव नवा नाही. तरुणाने मात्र नाणेसंग्राहकाच्या शिस्तीने आधी तिचे वजन केले. ते ४४८ ग्रॅम भरले. इंग्रजी पौंड ४५३.६ ग्रॅमचा, तेव्हा हा झिजलेला पौंड असावा, असे त्याने अनुमान केले आणि चकती घेऊन तो माझ्याकडे आला.

अनुमान तर्काला धरून होते, पण दोन रेघा त्याच्या आड येत होत्या. आपल्या वाडवडिलांच्या वह्या ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना त्या रेघा ओळखीच्या वाटतील. जुन्या हिशेबात पाव भागासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन आणि पाऊण भागासाठी तीन रेघा लिहीत. ‘२॥’ म्हणजे अडीच, ‘२॥।’ म्हणजे पावणेतीन. चार आणे, आठ आणे आणि बारा आणे याच रेघांनी वहीत उतरत. तेव्हा चकतीवरची खूण ‘अकरा’ नव्हती, ‘अर्धा’ होती. पौंडावर अशी देशी खूण असण्याचे कारण नाही. किराणा दुकानातले पितळी वजन आणि त्यावर अर्ध्याची खूण, म्हणजे हा अर्धा शेर, जुन्या बोलीतला अच्छेर.

आता प्रश्न आला की अर्धा, पण कोणत्या शेराचा? एके काळी शेर गावोगावी वेगळा होता. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि त्याचे शेर ४०. म्हणजे तो शेर जेमतेम ३१७.५ ग्रॅमचा. कापसाच्या व्यापारातली खंडी ७८४ पौंडांची, आणि आजही रुईचे भाव ३५६ किलोंच्या खंडीवर बोलले जातात, ते त्याच हिशेबाचे अवशेष आहेत. या गोंधळाला बांध घातला तो रुपयाने. १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे आजच्या ११.६६३८ ग्रॅमचा ठरला. १८३५ साली सर्व कंपनी मुलखासाठी जो एकसारखा चांदीचा रुपया आला, त्याचेही वजन १८० ग्रेनच होते. रुपया म्हणजे एक तोळा, ऐंशी रुपये म्हणजे एक शेर. ज्याच्या गल्ल्यात नवे रुपये होते त्याच्याजवळ प्रमाण वजनही होते. पुढे मुंबई इलाख्यात १९३२ साली वजने-मापांचा कायदा झाला आणि १९३९ च्या केंद्रीय कायद्याने ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण यांवर शिक्कामोर्तब केले. या शेराचे वजन ९३३.१ ग्रॅम, अच्छेराचे ४६६.५५ ग्रॅम.

आणि आपली चकती भरली ४४८ ग्रॅम. साडेअठरा ग्रॅम कमी.

वस्तूची ओळख पटल्याचा आनंद त्या क्षणी मावळला. तरुणाची आई समोरच बसली होती. दुकान तिच्या वडिलांचे. ती काही बोलली नाही, पण तिच्या मनात काय आले असेल ते ओळखण्यास फारशी बुद्धी लागत नव्हती. साडेअठरा ग्रॅम ही तूट झिजेत खपणारी नाही; ती शेकडा चारच्या घरात जाते. एक मण साखर अच्छेराने तोलून विकायची तर ऐंशी वेळा तोलावे लागे. दर वेळी साडेअठरा ग्रॅम, म्हणजे मणामागे सुमारे दीड किलो साखर गिऱ्हाइकाच्या पिशवीत न जाता दुकानात राहिली असती. वर्षाचा हिशेब वाचकांनीच करावा.

आपल्या धर्मशास्त्राने हा दोष फार पूर्वी नेमका हेरला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांपैकी एक ‘हीनाधिकमानोन्मान’. श्रावकाच्या प्रतिक्रमणातही कूटतुला आणि कूटमान यांची आलोचना येते. व्यापारी समाजासाठी लिहिणाऱ्या आचार्यांना बाजार चांगला ठाऊक होता, हे त्या एका शब्दावरून दिसते. त्यांनी केवळ ‘हीन’ म्हटले नाही, ‘हीनाधिक’ म्हटले. हलके वजन विकताना फायद्याचे; पण तेच वजन शेतकऱ्याकडून माल घेताना वापरले तर आपल्याच पदरी कमी माल पडतो. म्हणून काटा मारणाऱ्याला वजनांचे दोन संच लागतात, घेण्याचा जड आणि देण्याचा हलका. सापडलेल्या हलक्या वजनावरून आरोप करण्याआधी त्याचा जड जोडीदार कोठे आहे, असे विचारले पाहिजे.

तो प्रश्न मनात ठेवून आम्ही चकती पुन्हा हातात घेतली आणि या वेळी उलटी करून खालचा खळगा पाहिला. ओतीव धातूचे वजन पहिल्या झटक्यात अचूक उतरत नाही. म्हणून ते मुद्दाम किंचित हलके ओतून खाली खळगा ठेवीत आणि त्यात शिसे ठोकून वजन काट्यावर आणीत. कधी तपासनिसाचा ठसा त्या शिशावरच उमटवीत, कारण शिसे मऊ असते आणि ठसा न मोडता त्याला हात लावता येत नाही. आजच्या लोखंडी षट्कोनी वजनांतही ही पद्धत पाहावयास मिळते. आमच्या चकतीच्या खळग्याच्या भिंतींना राखाडी-पांढुरका लेप चिकटलेला होता. जुन्या शिशावर हवेने अशीच पांढुरकी पूड धरते.

म्हणजे येथे शिसे होते आणि ते निखळून गेले. पण ‘होते’ एवढ्यावर भागणार नव्हते. किती होते, हे काढणे आवश्यक होते. तरुणाने औषधाच्या सुईविरहित पिचकारीने खळगा पाण्याने काठोकाठ भरला. पाणी लागले १.६ मिलिलिटर. शिसे पाण्याच्या ११.३४ पट जड. तेव्हा त्या खळग्यात मावणारे शिसे १८.१ ग्रॅम. ४४८ मध्ये ते मिळविले की बेरीज येते ४६६.१ ग्रॅम. अच्छेराचे प्रमाण वजन ४६६.५५. फरक अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, आणि घरगुती काट्यावर व पिचकारीवर केलेल्या मोजणीत तेवढा फरक यायचाच.

हिशेब जुळला, तरी एक शंका उरली होती आणि ती तरुणाच्या आईनेच बोलून दाखविली. “शिसे आपोआप पडले की कोणी काढले?” प्रश्न रास्त होता. गिऱ्हाइकाला वजनाची खालची बाजू दिसत नाही. खोट करू पाहणाऱ्याला शिसे उपसणे हीच सर्वांत सोपी युक्ती.

याही प्रश्नाचे उत्तर वस्तूलाच विचारावे लागले. वजनाची खालची बाजू वर्षानुवर्षे पारड्यावर घासून गुळगुळीत झाली होती. ती झीज शिसे असताना झाली की शिसे गेल्यावर, हे खळग्याच्या काठावरून कळू शकते. उघड्या खळग्याचे वजन रोज शेकडो वेळा पारड्यावर आपटले असते तर त्याचा काठ गोलसर झिजला असता, आणि आत पीठ, साखर व तेलकट धूळ यांचा थर घट्ट बसला असता. किराणा दुकानात दुसरे काही होणे शक्य नाही. येथे काठ धारदार होता आणि आत शिशाच्या पुडीखेरीज काही नव्हते. वजन वापरातून गेल्यानंतर, माळ्यावरच्या धक्क्यांनी शिसे निखळले, हाच अर्थ त्यातून अधिक सरळ निघतो.

दुसरा पुरावा कडेवरचे चार ठसे. ते वाचता आले नाहीत, पण ते चारही सारखे झिजलेले नव्हते. एक जवळजवळ पुसट, एक बराच स्पष्ट. वेगवेगळ्या वेळी ते ठोकले गेले असावेत. ज्याला वजनात खोट करायची आहे तो ते पुन्हा पुन्हा तपासणीस नेत नाही.

तिसरा पुरावा त्याच डब्यात होता. तरुणाने डबा पुन्हा उपसला तेव्हा एका रेघेची खूण असलेला पावशेर निघाला. त्याचे शिसे शाबूत होते. वजन भरले २३३ ग्रॅम. प्रमाण वजन २३३.२८. जड संचाचा मात्र मागमूस नव्हता.

मी बँकेत असताना तपासणीचा अहवाल लिहिताना जी मर्यादा पाळीत असे, ती येथेही पाळली पाहिजे. या वजनांवरून त्या व्यापाऱ्याचे सारे आयुष्य सिद्ध होत नाही. तागडीची दांडी कशी धरली जात होती, धान्यात काय मिसळले जात होते, याविषयी पितळ काही बोलत नाही. पण जो आरोप या चकतीमुळे उभा राहिला होता, त्याचे उत्तर याच चकतीने दिले. तरुणाची आई म्हणाली, “हे सगळे एका कागदावर लिहून द्या. मी नसेन तेव्हा कोणीतरी ते पुन्हा तोलील.” तसा कागद लिहून, तारीख घालून आम्ही वजनासोबत ठेवला. खळग्यात नवे शिसे भरून घ्यावे का, असे तरुणाने विचारले. ते करू नये असे मी सांगितले. तो रिकामा खळगाच आता त्या वजनाचा पुरावा आहे.

वजनावर ठसा मारण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनांसाठी स्वतंत्र अधिकारी आहे, पौतवाध्यक्ष. वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत आणि दर चार महिन्यांनी त्यांची तपासणी व्हावी, अशी व्यवस्था तेथे सांगितली आहे. वजन व्यापाऱ्याचे, पण त्यावरचा शब्द त्याचा नव्हे, त्रयस्थाचा, हे तत्त्व इतके जुने आहे. अनोळखी गिऱ्हाईक अनोळखी दुकानात निर्धास्तपणे पैसे मोजते ते या तत्त्वाच्या भरवशावर.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशा वस्तू असतील. त्यांच्यासाठी काही सूचना. वस्तू मिळताच चिंच, लिंबू किंवा आम्ल लावून ती चकचकीत करू नका. मळाबरोबर ठसेही जातात आणि खळग्यातील पुरावाही. ठसा वाचण्यासाठी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवा, किंवा अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घ्या. चुंबक लावून पाहा. पितळाला तो चिकटत नाही. वजन करून त्याला ११.६६ ने भागा. भागाकार ५, १०, २०, ४० किंवा ८० च्या जवळ आला तर ते अनुक्रमे छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर किंवा शेर असण्याचा संभव मोठा. शिशाला हात लागला तर हात धुवा आणि अशा वस्तू मुलांच्या हाती देऊ नका. वस्तू कोणाच्या घरी, कोणत्या जागी, कशासोबत मिळाली हे लिहून ठेवा. जागेची नोंद गेली की निम्मी ओळख जाते. जमिनीत पुरलेले काही मौल्यवान सापडले तर मात्र १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. आणि जुनी वजने कितीही अचूक असली तरी विक्रीसाठी वापरू नयेत. १ एप्रिल १९६२ पासून देशभर मेट्रिक वजनेच सक्तीची झाली आहेत.

तोळ्याविषयी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगावयास हवी, कारण तिच्यात घरोघरचा पैसा गुंतलेला आहे. आज सराफ बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण आजीच्या यादीत किंवा जुन्या वाटणीपत्रात लिहिलेला तोळा ११.६६ ग्रॅमचा आहे. त्या यादीतले २५ तोळे म्हणजे २९१.६ ग्रॅम. ते २५० ग्रॅम धरले तर ४१.६ ग्रॅम सोने कोणीही चोरी न करता नाहीसे होते आणि भावाबहिणींत संशय मात्र कायमचा राहतो. सोने तारणाच्या कामात वजन ग्राहकाच्या समक्ष करून लगेच नोंदविण्याचा दंडक असे. घरातील वाटणीतही तोच पाळावा आणि आकड्यापुढे ‘तोळे’ न लिहिता ‘ग्रॅम’ लिहावे.

त्या अच्छेराची कहाणी आपल्या आजच्या दुकानांपर्यंतही येऊन पोहोचते. आता पारडी गेली, इलेक्ट्रॉनिक काटे आले. त्यांनाही मुद्रांकन लागते. वजनांची फेरतपासणी दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी करून घ्यावी लागते. त्या ठशात वर्षाचे दोन अंक असतात आणि तिमाही दाखविणारे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असते. आपल्या काट्यावरचे अक्षर आणि अंक आपल्यापैकी किती जणांना न पाहता सांगता येतील? काटा नोकराच्या हाती असतो, आपण गल्ल्यावर किंवा फोनवर असतो. शिसे निखळले तेव्हा त्या वजनाने आवाज केला नव्हता. काटाही न सांगता बिघडतो. बिघडलेला काटा मुद्दाम बिघडविलेला नसला तरी गिऱ्हाइकाच्या पिशवीत माल कमीच जातो.

तेव्हा हे वाचून झाल्यावर उद्या दुकान उघडताना एवढे करावे. प्रमाणित वजन काट्यावर ठेवून आकडा पाहावा, रिकाम्या पिशवीचे किंवा डब्याचे वजन वजा होते की नाही ते तपासावे आणि मुद्रांकनाची पुढची तारीख नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.